शेरा

लीगच्या फॉर्मवर शेवटी एक चौकट असते: शेरा.
एकोणीस वर्षं रेफरी आहे. तिथे मी लिहितो
'मैदान खडबडीत', 'चेंडू बदलावा लागला',
'क्रमांक आठने माझ्या आईचा उल्लेख केला'.
बोटभर जागा. तेवढ्यात भागतं.

परळचं मैदान, रविवार, सव्वातीन.
घोडपदेव युवक विरुद्ध कलिना व्हिलेज.
घोडपदेवची पोरं आली ती सहा.
नियम सांगतो किमान सात,
नियम सांगतो पंधरा मिनिटं थांबा,
मग वॉकओव्हर, तीन गुण, सही.

अकरा दिवसांपूर्वी पेणहून परतताना
टेम्पो कर्नाळ्याच्या वळणावर उलटला.
ॲन्सेल्म, गोलकीपर. वसीफ. आणि निवास कोठेकर,
ज्याला मी दोनदा बाहेर काढलं
आणि दोन्ही वेळा जाताना त्याने हात मिळवला.
बाकीचे जे.जे.मध्ये. कुणाचा पाय टांगलेला,
कुणाला अजून सांगितलेलं नाही.

जे.जे.ला मीही गेलो होतो. रक्तपेढीच्या जिन्यावर रांग:
माहीम, मालवणी, ऑर्लेम,
एरवी एकमेकांची आई-बहीण काढणारी.
एकाच्या अर्जावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात
लिहिलं होतं: 'मागच्या वर्षी याने माझा घोटा सुजवला.'
नर्सने वाचलं, खोडलं नाही.
म्हणाली, बाही वर करा.

कलिनाच्या ग्लोरियाबाई विचारत फिरल्या,
कुणाकडे काय चालतं, कुणाकडे काय नाही,
आणि रोज तीन वेगळे डबे भरून टॅक्सीने घोडपदेवला.
टॅक्सीवाल्याने चौथ्या दिवसापासून मीटर टाकला नाही.

तर परळ. मी घड्याळ बघतोय. सहा मिनिटं. नऊ.
कलिनाचा कप्तान बेनेडिक्ट येऊन म्हणाला,
'सर, घड्याळ पुढे जातंय तुमचं.'
जात नव्हतं. मी सेल तपासल्यासारखं केलं.

चौदाव्या मिनिटाला बाकावरून उठले रघुवीर ताम्हाणे,
वय पंचावन्न, बर्फ आणि बाटल्या सांभाळणारे.
दरवर्षी नोंदणीत क्रमांक तीस म्हणून त्यांचं नाव घालायचे,
गंमत म्हणून. कल्पना निवासची.
मी यादी बघितली. कार्ड होतं. फोटोत केस काळे.

ग्लव्हज नव्हते. कलिनाच्या गोलकीपरने आपले काढून दिले
आणि उघड्या हातांनी उभा राहिला.
मग बेनेडिक्टने मागे न बघता चार बोटं दाखवली,
त्याचे चार जण रेषेबाहेर जाऊन बसले.
एकाने बुटाची नाडी सोडली.

असं करायला बंदी आहे का, मला आठवेना.
शिट्टी मारली.

सोडून दिलं नाही त्यांनी. तेवढा मान ठेवला.
चार गोल घातले, सगळे ताम्हाणेंच्या उजवीकडून.
एकालाही कुणी नाचलं नाही.
चेंडू उचलून मध्यावर ठेवून आले,
आजाऱ्याच्या उशाशी पेला ठेवावा तसा.
पाचवा मात्र म्हाताऱ्याने अडवला, पोटाने,
आणि दोन्हीकडची माणसं अशी ओरडली
की गेटावरचा शेंगदाणेवाला पाटी टाकून आत आला.
ताम्हाणे पडले ते उठेनात.
धावत गेलो. लागलं नव्हतं.
ग्लव्हजमध्ये तोंड घालून म्हणत होते,
'ॲन्सेल्मने सहज धरला असता हा. सहज.'

दुखापतीचा वेळ किती, हे रेफरी ठरवतो.
मी एक मिनिट ठरवलं. मग तीन.
मग मनगटाकडे बघायचं सोडलं.
ऊन उतरलं, पोरं खेळत राहिली.
शेवटी ताम्हाणेच म्हणाले, 'मास्तर, पुरे. पाय गेले माझे.'

फॉर्म रात्री भरला. चार-शून्य.
बदली खेळाडू: नाहीत.
शेरा.
बायको म्हणाली, आधी जेवून घ्या.
लिहिलं, 'सामना वेळेत संपला नाही.'
तरी थोडी जागा उरली होती. बारीक अक्षरात लिहिलं:
'ग्लव्हज ताम्हाणेंकडेच आहेत.
कलिनाने मागितलेले नाहीत.'