मेणाची वडी

सायत्राबाई कापगते. वय एकावन्न. मुक्काम सानगडी.
डावं मूत्रपिंड, एकशे ब्याऐंशी ग्रॅम.
मीच तोललं, दवाखान्याच्या मागच्या खोलीत,
फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना.
गाठ आवळ्याएवढी;
कापली तर आतून वाळल्या मोहफुलाच्या रंगाची,
मधोमध एक पांढरट वण.

काच रंगवून दिली.
लांजेवार मॅडम दुर्बिणीवर वाकल्या त्या वाकल्याच,
चहावर साय धरली.
मग म्हणाल्या, दोघी बहिणी आहेत या,
एकाच रंगाचं लुगडं नेसतात, गुलाबी.
एक जन्मभर ओसरी सोडत नाही.
दुसरी कधीतरी रात्री उठते
आणि हाडात, फुप्फुसात जाऊन बसते.
ही कोण?
नागपूरच्या सरांनी एकीचं नाव लिहिलं,
मॅडमनी दुसरीचं.

सायत्राबाई भातगिरणीत तांदूळ निवडते.
बावीस वर्षं झाली.
चिन्नोरच्या पोत्यात कुणी हलका बारीक तांदूळ मिसळला
तर ती एक दाणा दाढेखाली धरते, बस्स.
"डोऱ्यानं नाई समजत," म्हणते. "डोरा फसते."

गाठीचा तुकडा मेणात थिजवलेला,
आगपेटीहून लहान वडी.
साकोलीच्या स्टँडवर कुरिअरच्या पोऱ्याला दिली,
त्याने विचारलं, आत काय, काका? म्हटलं, मेण.
दूरच्या एका शहरात ते यंत्र आहे.
पैसे घेणार नव्हते;
त्यांनाही अशाच फसव्या गाठी हव्या होत्या, शिकायला.

ते यंत्र बघत नाही.
केसाहून कितीतरी पातळ चकती,
तिच्यावर स्फटिकांचा फवारा,
मग लेसरची टिचकी, एकाच बिंदूवर.
जे उडतं ते नळीतून धावतं.
हलकं आधी पोचतं, जड मागाहून,
पोचायला लागलेल्या वेळावरून वजन.
मग पुढचा बिंदू. टिचकी.
पुढचा.
मॅडमनी हे सगळं पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं.
मी विचारलं, आणि वारा?
म्हणाल्या, नळीत वारा नसतो.

चित्र बुधवारी आलं.
दवाखान्यात रेंज नाही, तलावाच्या पाळीवर चढलो.
ढिवरांची जाळी वाळत टाकलेली.
फोनवरचं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं,
मग ठिपक्याठिपक्यांनी गाठ उमटली.
आसपासचं निरोगी मांस निळं,
गाठ पिवळी,
म्हणजे कुठल्यातरी रेणूच्या वजनाला दिलेला पिवळा रंग.
दुसऱ्या बहिणीचं वजन कुठेच उजळलं नव्हतं.
खाली एक ओळ:
साध्या गाठीकडे कल. यंत्र अजून शिकत आहे, निर्णय डॉक्टरांचा.
मॅडमनी पुन्हा काचा मागितल्या, वेगळे रंग लावून.
दोन दिवसांनी सही केली.

सायत्राबाई स्टुलावर. पदराखाली हात टाक्यांवर.
"म्हंजे साधी होती?"
साधी.
"मंग अख्खा गुर्दा काहून काढला जी?"
मॅडम खोटं बोलल्या नाहीत.
तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं, बाई.
कळायसाठीच काढावा लागला.

ती खिडकीकडे बघत होती,
बाहेर कुणाची तरी सायकल पडली, उचलली.
"म्हंजे कांडून झाल्यावर समजलं," ती म्हणाली,
"का बियान्याचा धान होता."

मी रजिस्टर उघडलं, उगाच. मिटलं.
दारापाशी जाऊन ती थांबली.
"पुढच्याचं आधी तोलून घेजा."

वडी परत आली, चार-सहा चकत्यांनी झिजलेली.
तिच्या नंबरावर कपाटात ठेवली.
शेजारच्या खणात आज नवी वडी आहे,
लाखनीचा पोरगा, एकोणतीस वर्षांचा;
सुईने काढलेला तुकडा, शेवईचा जेमतेम एक तुटका धागा.
उद्याच्या कुरिअरने जाईल.
त्याचं मूत्रपिंड अजून
त्याच्याच पाठीत आहे.