डब्यावरची बारीक अक्षरं

वीस वर्षं रंगारी आहे मी.
डबा पेचकसाने उघडायचा असतो,
वाचायचा नसतो.
बेशाचे फ्लॅट, मनीषनगरच्या लेकरांच्या खोल्या,
छतावर ढग, भिंतीवर जिराफ,
एका पोराला तर पलंगाच्या मागे
अख्खं चांद्रयान काढून दिलं, चमकीसकट.
संध्याकाळी डोकं दुखायचं.
वाटायचं, ऊन लागलं.

आमची सांची अकरा महिन्यांची झाली
आणि रांगत गेली खिडकीपाशी,
पाचपावलीतल्या दीड खोलीतल्या त्या अर्ध्या खोलीत,
जिला करुणा आता सांचीची रूम म्हणते.
चौकटीचा पोपडा सुटला होता. हिरवा.
त्याखाली पिवळा.
त्याखाली कोण्या जुन्या भाडेकरूचा निळा.
तिनं नखानं उचकटला, जिभेवर ठेवला
आणि हसली.

गोड लागतो तो.
आमच्या धंद्यातल्या म्हाताऱ्यांना ठाऊक असतं,
शिशाचा जुना रंग गोड लागतो.
ब्रशचे केस दातांनी ओढत
भगवानदास मिस्त्री सांगायचा.
शेवटी त्याचा पंजाच लोंबायला लागला मनगटापासून,
चहाचा कप धरवेना,
तेव्हाही हसत सांगायचा.

मी तिच्या तोंडात बोट घालून पोपडा काढला.
ती रडली.
मी करुणावर ओरडलो,
उगाच.

इतवारीत मुर्तझाभाई म्हणाला,
"काहून बावा, आज चष्मा लावून डबे वाचून राहिला?"
"लेकराची खोली आहे भाऊ."
"मग गुलाबी घे नं."
"शिसं नाही असं लिहिलेला दाखव."
शिडी लावून त्यानं वरचा काढला, फुंकून धूळ उडवली,
भाव सांगितला.
मी अर्धा लिटर घेतला,
चौकटीपुरता.

भिंतींना चुना.
करुणाला आणि लेकीला दोन दिवस कामठीला धाडलं,
जुना रंग ओला करकरून खरवडला,
एक कपची उडू दिली नाही,
लोकांच्या घरी कधी इतका जपून वागलो नव्हतो.
रात्रभर ड्रमात चुन्याचे खडे फणफणत होते.
सकाळी त्यात चिमूटभर नीळ टाकली.
आमच्या गल्लीत निळा का, असं कोणी विचारत नाही.

सीताबर्डीवर अंधारात चमकणारे तारे होते,
साठ रुपयांत अख्खं आभाळ.
करुणानं पाकीट नाकाशी नेलं.
"वास तर पाय याचा, नव्या चपलेसारखा."
परत ठेवलं.
नणंदेनं दिलेली प्लास्टिकची फुलपाखरं
कपाटावर आहेत, वेष्टणातच,
ती आली की तेवढ्यापुरती खाली उतरतात.
शेवटी निखारेकाकांच्या मागावरचं उरलेलं सूत आणून
करुणानं पक्षी विणले तीन.
एक पक्षी आहे.
बाकी दोघं बहुतेक पक्षी आहेत.
सांचीनं तिघांनाही चावून पाहिलं.

झाली खोली, असं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी
नव्या चौकटीवर राखाडी थर होता, पिठासारखा.
रात्री वारा कोराडीकडून असावा.
बोट फिरवलं, बोटावर आला.
याचा डबा नसतो.
मग बारीक अक्षरं तरी कुठे शोधायची?
ओलं फडकं घेतलं.
आता रोज घेतो.

आणि कामावरून आलो की आधी नळावर.
रॉकेल, मग साबण, मग पुन्हा साबण,
नखांना जुना टूथब्रश,
शर्ट बाहेरच्या तारेवर.
तोवर ती उंबऱ्याशी येऊन बसते,
दोन्ही हात वर.
"थांब," मी म्हणतो, "थांब बाई,"
आणि आठवतं,
लोकांच्या फाटकावर मीच पुठ्ठा लावतो नं,
रंग ओला आहे, हात लावू नये.

तिला कुठे वाचता येतं.