सावदा फीडर

रात्रीचे दोन अकरा.
भुसावळपासून शिरपूरपर्यंत दिवा नाही.
मे महिन्याच्या भिंती अजून तापलेल्या,
हेमलता फिरकेंपुढचा पडदा तेवढा
बॅटरीवर जागा.

तो सांगतो, त्या जोडत जातात.
आधी औष्णिक केंद्राला
त्याच्याच पंख्यांपुरती उसनी वीज;
वीज लावायलाही चमचाभर वीज लागते,
विरजणासारखी.
मग रेल्वे. मग तापीवरचे पंप.
वारंवारता थरथरते,
सावरते.

पाचवा : सावदा फीडर. जोडा.
हिरवी चौकट मिचमिचते.

त्या जोडत नाहीत.

कारण निवडा, पडदा म्हणतो.
यादीत सात कारणं.
खालच्या रिकाम्या रकान्यात
त्या एका बोटानं लिहितात :
सुकदेव कोळी अजून खांबावर.

पडदा जरा अडखळतो.
मग नवा क्रम : आधी यावल.
सावदा, थांबा.

किती वेळ, ते विचारत नाही.