तेल घातल्याची तारीख

साखर पेठेत आमचे चोवीस माग होते
आणि प्रत्येकाच्या कपाळावर खडूने एक तारीख:
तेल घातल्याची.

अक्षर माझं. इयत्ता सहावी.
नायना बुधली घेऊन पुढे, मी खडू घेऊन मागे.
जुनी तारीख पुसायची नाही,
नुसती आडवी रेघ मारायची,
खाली नवी लिहायची.
दसऱ्याला माग धुईपर्यंत
लोखंडावर खोडलेल्या दिवसांची शिडी उतरत यायची.

एकदा मला गड्ड्याला जायची घाई होती.
पाळणे उभे राहिले होते, मैत्रिणी दारात.
मी चोवीसही मागांवर नवी तारीख टाकली
आणि बुधलीला हात लावला नाही.

मंगळवारी सात नंबर ओरडला.
अर्ध्या टॉवेलात धोटा अडकला, ताणा तुटला,
नायनांनी मागाचं कपाळ वाचलं,
मग माझं.
मारलं नाही. एवढंच म्हणाले,
तेल न घालता तारीख बदलायची नाही.
मागाला वाचता येत नसतं, पोरी.

कारखाना आता नाही.
माग अक्कलकोट रोडला किलोवर गेले.
नायनांची वही राहिली, तेलकट, मागांच्या दुखण्यांची:
किनार एकीकडेच सैल का पडते,
फणीचा दात वाकला कसा ओळखावा,
धोटा उडतो तेव्हा आधी काय बघावं.
ते गेल्यावर मी ती रोज दोन पानं टाइप केली,
शोधेल त्याला सापडावी म्हणून.
शेवटी त्यांचं नाव आणि वहीतली तारीख.

काही वर्षं लोक यायचे. मग कमी झाले.
भाचा म्हणाला, कसं करलालीस आत्ते,
इतकी जुनी तारीख बघून कोण थांबतंय?
यादीत तुझ्या वरचे, खालचे, सगळे या महिन्यातले.
एखादी वेलांटी बदल की,
तारीख आपोआप आजची होती.

बदलली.
'पिकर'मधली पि, ऱ्हस्वाची दीर्घ.

सकाळी शोधून बघितलं
तर नायनांच्या वाक्याशेजारी कालची रात्र.
चार वर्षांपूर्वी आषाढात गेलेला माणूस
जेवण झाल्यावर बसून लिहून गेल्यासारखा.
खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.
चहा गार होईपर्यंत बघत बसले.
पुढच्या महिन्यात दुसरी वेलांटी,
मग एखादा अनुस्वार,
असे किती वर्षं पुरतील, तेही मोजून झालं.

चौथ्या दिवशी इचलकरंजीहून फोन.
उस्ताद आहेत काय? परवाच लिहिलंय बघा त्यांनी,
पट्टा रात्रभर एरंडेलात बुडवा म्हणून.
दोन रात्री बुडवला, धोटा उडायचा थांबंना.
आमचा पट्टा नायलॉनचा आहे.
नायलॉन तेल पीत नाही, ताई.

वहीत सगळीकडे म्हशीचं कातडं होतं.
मी म्हटलं, उद्या सांगते.
उस्ताद नाहीत, हे सांगायचं राहिलं.

मग विडी घरकुलात गेले, मल्लेशम यंगलांकडे.
त्यांचे चार माग अजून चालतात.
आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून तीनदा विचारलं.
त्यांनी माग थांबवला, माझं बोट धरून
पट्ट्याच्या वळणावर ठेवलं:
इथं. इथं ताप बघायचा.
गरम लागला तर ताण जास्त. तेलाचं काम नाही.
बोट काळं झालं.

रात्री इचलकरंजीला फोन करून दोन्ही गोष्टी सांगितल्या.
पलीकडे माग चालू होते. बराच वेळ
तेवढेच ऐकू आले.

आता त्या पानावर नायनांची तारीख वर आहे,
जिथे होती तिथे.
कातड्याचं त्यांचं वाक्यही तसंच.
त्याखाली नायलॉनचं, यंगलांच्या नावानं,
आणि माझी तारीख.
यादीत आम्ही कितव्या नंबरवर येतो, भाच्याला माहीत.

मधे ती वेलांटीची तारीख होती.
तिच्यावर रेघ मारली.
पुसली नाही.