अश्रूंइतकं खारट

न्खोटाकोटात तंबू सरोवराकडे पाठ करून उभा होता.
आम्ही सात जण, कोटांच्या इस्त्रीच्या घड्याही न मोडलेले,
आणि सिस्टर मवाले, गमबुटात,
आमच्याकडे न बघता पिंपात क्लोरीन ढवळत.

"जंतू सांग."
तमंदानीनं सांगितला, कुळगोत्रासकट:
त्याचं विष आतड्याला कुठं चिकटतं,
पेशींतून पाणी कसं निसटतं, एका दमात.
"बरोबर. आता तीन नंबरच्या बाईच्या घरी
पाणी कुठनं भरतात, ते सांग."

तमंदानी गप्प.
माझी वही उघडीच राहिली.

पलंगाला मधोमध भोक, खाली बादली,
बादलीवर तांबड्या रंगाच्या खुणा.
"गेलं तेवढं आत घाला. किळस घरी ठेवायची,
माप सोबत आणायचं."

तीन नंबरची एस्नार्ट.
चुलतभावाच्या मयतीला गेली होती.
तिथं न्सिमा वाढण्याआधी
एकाच परातीत चाळीस जणांनी हात धुतले,
थोरांनी आधी, पोरांनी शेवटी, रीतीप्रमाणे.
ते ऐकताना मला कळलं
की हा रोग वैऱ्याच्या नव्हे, सोयऱ्याच्या वाटेनं येतो,
आणि त्या वाटेवर "जेवू नका" अशी पाटी लावायला
कुणी मला शिकवलं नव्हतं.
सिस्टर परात बंद करा म्हणाल्या नाहीत.
त्यांनी नळाची बादली पाठवली, आणि सोबत एक माणूस,
रडणाऱ्यांच्या हातांवर पाणी सोडायला.

लिटरभर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा मीठ.
"चाखा. अश्रूंहून खारट लागलं तर ओतून द्या."
चिकुम्बुत्सो हसला: "अश्रूंची चव कुणाला आठवते?"

चौथ्या रात्री पाच नंबरचा पोरगा.
शिर सापडेना. डावा हात, उजवा, मग पाय.
सलाईन लटकत होतं, भरलेलं.
त्याचं नाव मी नंतर, कागदावर वाचलं.

तंबूमागं उभी होते. सिस्टर आल्या.
खांद्यावर हात नाही, समजूत नाही.
त्यांनी पिंपाचा नळ सोडला
आणि माझ्याकडे प्रथमच नीट पाहिलं:
"रड. पण आधी हात धू.
डोळे नंतर पूस."

आता ब्लँटायरला मी वर्ग घेते.
जंतूचं नाव मी शेवटी विचारते.