साकीनाका, सव्वाआठ

आरसा गेला. नऊशेचा आरसा.
मी उतरलो, पाना घेऊन.
खरं तर पाना दुपारपासूनच हातात होता,
पवईच्या त्या टॉवरचा वॉचमन
"ड्रायव्हर लोक मागच्या जिन्यानं" म्हणाला
तेव्हापासून.
लघवी साडेचार तास तुंबलेली.
हप्त्याचा मेसेज, आज तिसरा.

तोही उतरला. टाय सैल,
एका बुटाची नाडी सुटलेली.
"दिसत नाही का रे?"
"तुला दिसतं?"
कॉलर धरली. ओली होती.

तेवढ्यात सिग्नल हिरवा
आणि मागून शंभर हॉर्न एकदम.
आम्ही दोघंही गर्रकन वळलो,
एकाच दमात ओरडलो,
"थांबा की, मरताय काय!"

मग काय बोलायचं, सुचेना.
त्याची कॉलर अजून माझ्या मुठीत.
सोडायची कशी, तेही कळेना.