शेपटीचा न

उत्सयोकीच्या शाळेमागची खोली.
नोव्हेंबर. दुपारी अडीचलाच दिवा लावावा लागतो.
मारेतच्या पडद्यावर एक फोन उभा आहे,
फोनचं चित्र खरं तर:
कळा आहेत, पण बोटाला लागत नाहीत,
बॅटरी कायम भरलेली,
रेंजच्या पाचही काड्या ताठ.
बाहेर उणे एकोणीस. त्याला त्याचं काय.

ती एक निरोप सोडून बघते,
तळ्यावरचं मापक पाठवेल तसा:
यिएक्ङा, अकरा सेंटिमीटर.
यिएक्ङा म्हणजे बर्फ.
सामी भाषेत त्यातला ङ लिहायला
एक शेपटीचा न आहे.

फोनवर उमटतं:
यिएक्-?-आ, अकरा सेंटिमीटर.

नीइलासकाका टोपी न काढता मागून वाचतो.
"म्हणजे यालाही खात्री नाही."

ती सेटिंग उघडते.
भाषा इंग्रजी, देश अमेरिका, अक्षरसंच लॅटिन-एक.
दोनशे छप्पन्न खोल्यांची ती जुनी चाळ,
पौंडाच्या चिन्हाला जागा आहे,
पाव, अर्धा, पाऊण यांनाही एकेक खोली,
या एका न ला तेवढी नाही.

हेलसिंकीहून तुओमास फोनवर म्हणाला होता,
शेपटी कापा, साधा न ठेवा, लोक समजून घेतात.
आमच्याकडे म्हणतात, जिवावरचं शेपटीवर निभावलं.
इथे शेपटी गेली तर जिवावर.

(मला आमचा ङ आठवतो. घ च्या पुढे
पाटीवर गिरवला आणि सोडून दिला,
नंतर वाङ्मयात एकदा दिसला,
तोही पाय मोडलेला.)

अक्षरसंच: यूटीएफ-आठ.
भाषा: एस, ई.
हीच दोन अक्षरं देशाच्या रकान्यात टाकली
तर स्वीडन होतं.
मारेत हसते, "रकाना चुकला की आम्ही परदेशी."

फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो,
फार सावकाश, चित्रातल्या फोनलाही थंडी असल्यासारखा.
आता प्रश्नचिन्ह नाही. रिकामा चौकोन.
अक्षर पोचलंय, पण अंगावर घालायला फॉन्ट नाही.
ती फॉन्ट शोधते. कॉफी थंड होते.
पुन्हा बंद, पुन्हा सुरू.

आणि मग तो येतो,
वाकडी शेपटी ओळीखाली सोडून,
दोन अक्षरांच्या मधे,
बर्फाच्या मधोमध.

मारेत खुर्ची सरकवते, काकाला जागा करून देते.
तो बघतो. मान हलवतो.
कोटाच्या आतून आपला फोन काढतो,
गारठ्याने मेलेला, काळा.
"आणि यात कुठे असते ती सेटिंग?"

ती उत्तर शोधतेय तोवर
तो दाराजवळची लोखंडी पहार उचलतो.
अकरावर माणूस चालतो, म्हणतो, स्नोस्कूटर नाही.
ठोकून बघतो.